‘क्विक-विटेड’ कुणाला म्हणायचं? इंग्रजीतलं एक विशेषण नीट वापरायला शिकताना

हुशार माणसाचं इंग्रजीत कौतुक करायची वेळ आली की बहुतेकांच्या हाताशी दोनच शब्द असतात, ‘इंटेलिजंट’ आणि ‘स्मार्ट’. गणितात पैकीच्या पैकी मार्क मिळवणारी मुलगी इंटेलिजंट. भरल्या बैठकीत टोमणा मारणाऱ्याला तिथल्या तिथे गप्प करणारा सहकारीही इंटेलिजंट. आणि ब्रेक लागत नाही हे कळताच गाडी चढावर घालून थांबवणारा ड्रायव्हर, तोही इंटेलिजंटच! यात चूक काही नाही, पण तिघांमधला फरक पार पुसला जातो. मराठीत आपण असं करत नाही. पहिलीला हुशार म्हणतो, दुसऱ्याला हजरजबाबी म्हणतो आणि तिसऱ्याने प्रसंगावधान राखलं असं सांगतो. इंग्रजीत या दुसऱ्या आणि तिसऱ्यासाठी एक नेमकं, रोजच्या वापरातलं विशेषण आहे : ‘क्विक-विटेड’.

ज्यांना हा शब्द वाचताना कळतो पण स्वतःच्या वाक्यात घालताना पेन अडतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पायऱ्या क्रमाने घेतल्यात, पण सगळ्या सारख्या उंचीच्या नाहीत. व्याकरण लवकर संपतं. खरा वेळ लागतो तो हा शब्द कुठे शोभतो आणि कुठे नाही हे कळायला.

पहिली पायरी : शब्द फोडून बघा

‘क्विक’ म्हणजे जलद, हे सगळ्यांना माहीत. ‘विट’ म्हणजे विनोद, असं बरेच जण धरून चालतात आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. ‘विट’चा मूळ अर्थ विनोद नव्हे, तर जाणीव, समज, बुद्धी. जुन्या इंग्रजीत ‘जाणणे’ या अर्थाचं क्रियापद होतं, त्याच कुळातला हा शब्द. कायद्याच्या जुन्या कागदपत्रांत ‘टू विट’ असा प्रयोग दिसतो, त्याचा अर्थ ‘म्हणजेच’, ‘जाणून घ्यावं ते असं’. विनोदाचा अर्थ नंतर चिकटला.

‘क्विक’चीही गंमत आहे. हा शब्द आधी ‘जिवंत’ या अर्थाचा होता. नख खोलवर कापलं गेलं की खालचा जो हुळहुळा, जिवंत भाग दुखतो, त्याला इंग्रजीत आजही ‘द क्विक’ म्हणतात. पाऱ्याला ‘क्विकसिल्व्हर’ म्हणतात, कारण तो जिवंत असल्यासारखा पळतो. भाषाशास्त्र सांगतं की ‘क्विक’ आणि संस्कृत ‘जीव’ हे एकाच पुरातन मुळाचे, आणि ‘विट’ व ‘विद्’ हेही एकाच मुळाचे. म्हणजे हा परका वाटणारा शब्द ‘जीव’ आणि ‘विद्या’ यांचा चुलतभाऊ निघाला. नातं दूरचं आहे, पण अर्थ लक्षात ठेवायला फार कामाचं : ज्याची समज जिवंत आहे, झोपलेली नाही, तो क्विक-विटेड.

शेवटचं ‘एड’ हे भूतकाळाचं नाही. नामाला ते लावलं की ‘अमुक असलेला’ असा अर्थ होतो. ‘ब्ल्यू-आइड’ म्हणजे निळ्या डोळ्यांचा, ‘काइंड-हार्टेड’ म्हणजे दयाळू मनाचा, ‘ॲब्सेंट-माइंडेड’ म्हणजे विसरभोळा. त्याच साच्यात ‘क्विक-विटेड’ म्हणजे तल्लख समजेचा. साचा एकदा ओळखला की ‘शार्प-विटेड’, ‘स्लो-विटेड’, ‘डिम-विटेड’ हे शब्द शब्दकोश न उघडता कळतात. मात्र शेवटचे दोन कुणाच्या तोंडावर वापरू नका, ते सरळ अपमानात जमा होतात.

दुसरी पायरी : उच्चार

लिहिताना आपण ‘विटेड’ लिहितो, पण शेवटचा उच्चार ‘टिड’ असा होतो. ‘ट’ किंवा ‘ड’च्या आवाजानंतर हे ‘एड’ आलं की त्याचा स्वतंत्र अवयव होतो, म्हणून शब्द तीन तुकड्यांत म्हणायचा : क्विक, वि, टिड. वाक्याच्या शेवटी आला तर जोर ‘वि’वर द्यायचा. नामाच्या आधी आला, उदाहरणार्थ ‘क्विक-विटेड आन्सर’, तर जोर ‘क्विक’कडे सरकतो.

आपल्याला अवघड जातो तो ‘व’. आपल्या एकाच ‘व’मध्ये इंग्रजीतले दोन आवाज सामावलेले असतात. इथला ‘व’ ओठांचा चंबू करून काढायचा असतो, वरचे दात खालच्या ओठाला लागता कामा नयेत. ‘क्विक’ म्हणताना ओठ आपोआप गोल होतात. त्यात ‘विटेड’चा ‘व’ जुळवून घ्या, म्हणजे झालं.

तिसरी पायरी : घड्याळ आहे का ते तपासा

सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. ‘क्विक-विटेड’ लावायच्या आधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. जे घडलं ते अनपेक्षित होतं का? आणि विचार करायला वेळ फारच थोडा होता का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर शब्द बसतो. एकाचंही नाही असेल तर दुसरा शब्द शोधा.

एक प्रसंग घेऊ. व्याख्यानाचा कार्यक्रम चालू आहे. सूत्रसंचालक म्हणतो, ‘आता पुढच्या विषयावर प्रकाश टाकण्यासाठी मी पाहुण्यांना विनंती करतो,’ आणि नेमके त्याच क्षणी सभागृहातले दिवे जातात. क्षणभर शांतता. मग अंधारातून त्याचाच आवाज येतो, ‘विषय इतका गहन आहे की दिव्यांनी आधीच माघार घेतली.’ सभागृह हसतं, अस्वस्थता निघून जाते, कुणीतरी जनरेटर सुरू करायला धावतं. हा माणूस क्विक-विटेड. तेच वाक्य त्याने आदल्या रात्री कार्डावर लिहून आणलं असतं आणि दिवे लागलेले असताना म्हटलं असतं, तर वाक्य ‘विटी’ ठरलं असतं, म्हणजे चतुर, विनोदी. पण क्विक-विटेड नाही. वाक्य तेच, घड्याळ वेगळं.

आता जिभेचा संबंधच नसलेला प्रसंग. गॅसवरच्या कढईतल्या तेलाने पेट घेतला. एकजण घाबरून पाण्याचं भांडं उचलतो. दुसरी त्याचा हात धरते, गॅस बंद करते आणि कढईवर घट्ट बसणारं झाकण सरकवते. पेटत्या तेलावर पाणी पडलं असतं तर पाण्याची एकदम वाफ होऊन जळतं तेल चारी बाजूंना उडालं असतं. झाकणाने हवा तुटली आणि आग बसली. तिच्याबद्दल इंग्रजीत म्हणता येईल : ‘शी वॉज क्विक-विटेड इनफ टु कव्हर द पॅन.’ तिने नवा शोध काही लावला नाही. तेलाच्या आगीवर झाकण टाकायचं हे तिला आधीपासून माहीत होतं. पण माहीत असलेली गोष्ट हव्या त्या सेकंदाला आठवली, यासाठी हा शब्द आहे. नवीन कल्पना सुचलीच पाहिजे अशी त्याची अट नाही.

मराठी माणसाला इथे थोडी सवय बदलावी लागते. हजरजबाबीपणा आपल्याकडे जिभेचा गुण, प्रसंगावधान हाताचा. इंग्रजी शब्दात दोन्ही येतात, त्यामुळे ‘क्विक-विटेड’ला सरसकट ‘हजरजबाबी’ असं शब्दकोशातून उचलून ठेवलं की अर्धा अर्थ हरवतो. प्रसंग बघून ठरवायचं.

घड्याळाचा मुद्दा पटत नसेल तर उलटी बाजू बघा. अठराव्या शतकातले फ्रेंच विचारवंत देनी दिदरो यांनी एका अनुभवाचं वर्णन केलं आहे. कुणीतरी टोला हाणतो, आपण गप्प होतो, आणि निरोप घेऊन जिना उतरताना झकास उत्तर सुचतं. त्यावरून फ्रेंचमध्ये ‘जिन्यावरची बुद्धी’ असा वाक्प्रचार रूढ झाला आणि इंग्रजीनेही तो ‘स्टेअरकेस विट’ म्हणून उचलला. जिन्यावर सुचलेलं उत्तर कितीही धारदार असो, ‘क्विक’ त्यात नाही. आपल्यापैकी बहुतेक जण जिन्यावरचेच, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

चौथी पायरी : वाक्यात बसवा

जागा दोन. नामाच्या आधी, ‘अ क्विक-विटेड होस्ट’. किंवा क्रियापदानंतर, ‘द होस्ट इज क्विक-विटेड’. संयोगचिन्ह दोन्हीकडे ठेवा. ‘क्विकली-विटेड’ असा शब्द नाही, कारण इथे ‘क्विक’ हे ‘विट’चं वर्णन करतं, कृतीचं नाही. ‘क्विक-विटी’ हाही नाही.

‘पुरेसा हजरजबाबी’ असं आपण म्हणतो, म्हणून हात आपोआप ‘इनफ क्विक-विटेड’ असं लिहितो. इंग्रजीत ‘इनफ’ विशेषणाच्या मागे येतं : ‘क्विक-विटेड इनफ टु’ आणि पुढे क्रियापद. हा साचा पाठच करून टाका, कारण निम्म्या वेळा हा शब्द याच रूपात लागतो. ‘ही वॉज क्विक-विटेड इनफ टु चेंज द सब्जेक्ट’, म्हणजे प्रसंग ओळखून त्याने विषय बदलला.

नाम वापरायचं असेल तर ‘क्विक-विटेडनेस’ असं लांबलचक रूप शब्दकोशात सापडतं, पण ते ऐकायला जड वाटतं. ‘शी हॅज अ क्विक विट’ हे सुटसुटीत. यात दोन खड्डे आहेत. पहिला, ‘अ’ गाळायचा नाही. मराठीला उपपद नसल्यामुळे आपल्या हातून ते हमखास सुटतं. दुसरा, ‘शी इज हॅविंग’ म्हणायचं नाही. अंगचा गुण सांगताना ‘हॅव’ चालू काळात जात नाही.

तुलनेसाठी ‘मोअर क्विक-विटेड’ निर्धास्तपणे वापरा. ‘क्विकर-विटेड’ही छापलेलं दिसतं, पण नवख्याने त्या वाटेला जायची गरज नाही. जोर द्यायला ‘व्हेरी’, ‘रिमार्केबली’ चालतात. ‘कम्प्लीटली’ चालत नाही, कारण हा कमी-जास्त असणारा गुण आहे, भरून वाहणारा नाही.

अभ्यासाचं तेवढं वेगळं सांगतो. ‘तो अभ्यासात हुशार आहे’ याचं ‘ही इज क्विक-विटेड इन स्टडीज’ असं भाषांतर करू नका. अभ्यासात हुशार मुलाला ‘ब्राइट’ म्हणतात, किंवा तो ‘गुड अ‍ॅट हिज स्टडीज’ असतो. शिकवलेलं पटकन उचलणारा ‘क्विक लर्नर’. यात ‘क्विक’ आहे, पण तो शिकण्याचा वेग, बिकट प्रसंगातला नव्हे.

‘विट’ आणि ‘विट्स’

एकवचनी ‘विट’ जास्त करून बोलण्यातल्या चतुराईकडे झुकतो. अनेकवचनी ‘विट्स’ मात्र सरळ ताळ्यावर असलेली बुद्धी. ‘कीप युअर विट्स अबाउट यू’ म्हणजे डोकं ठिकाणावर ठेव. ‘आय अ‍ॅम अ‍ॅट माय विट्स एंड’ म्हणजे आता काय करावं काही सुचत नाही, मती कुंठित झाली. ‘बॅटल ऑफ विट्स’ ही बुद्धीची कुस्ती, आणि ‘आउटविट’ म्हणजे डोक्याच्या जोरावर मात करणं. हे चार प्रयोग अंगवळणी पडले की ‘विट म्हणजे विनोद’ हा गैरसमज आपोआप सुटतो.

पाचवी पायरी : ‘क्विक-थिंकिंग’पासून वेगळा करा

बातम्यांत ‘क्विक-थिंकिंग’ हे विशेषण सतत भेटतं. ‘अ क्विक-थिंकिंग पासरबाय’, म्हणजे वाटेने जाणारा कुणीतरी, ज्याने वेळीच काहीतरी केलं. याचा आणि ‘क्विक-विटेड’चा प्रदेश बराचसा एकच आहे, पण कल वेगळा. ‘क्विक-थिंकिंग’ हाताकडे झुकतं : अपघात, आग, पूर, बुडणारं मूल. ‘क्विक-विटेड’ जिभेकडे झुकतं : मुलाखत, वादविवाद, मंच, गप्पा. कढईवर झाकण टाकणारीला दोन्ही लावता येतात, पण बातमी लिहायची तर मी ‘क्विक-थिंकिंग’ लिहीन. सूत्रसंचालकाला मात्र ‘क्विक-विटेड’च. त्याने कुणाचा जीव वाचवला नाही, फक्त कार्यक्रम वाचवला.

कौतुक माणसाचं न करता कृतीचं करायचं असेल तर ‘दॅट वॉज क्विक थिंकिंग’ हे फार कामाचं वाक्य. वरिष्ठांना ‘यू आर व्हेरी क्विक-विटेड’ म्हटलं तर आपण त्यांची परीक्षा घेऊन गुण देतोय असं वाटू शकतं. त्याऐवजी कृतीला दाद दिली की ती कुणालाही चालते, थोरांना आणि लहानांनाही.

प्रसंगावधानासाठी ‘प्रेझेन्स ऑफ माइंड’ आपल्याकडे लोकप्रिय आहे आणि ते अस्सल इंग्रजीच आहे. फरक इतकाच की त्यात वेगापेक्षा शांत डोकं महत्त्वाचं. सगळे गोंधळलेले असताना जो न डगमगता एकेक सूचना देत राहिला, त्याच्यासाठी तेच वापरा. तिथे घड्याळ मंद चाललं तरी चालतं.

‘थिंक ऑन युअर फीट’ म्हणजे उभ्या उभ्या, तयारी नसताना विचार करणं. नोकरीच्या संदर्भात हा प्रयोग सर्वांत सोयीचा पडतो. त्याबद्दल पुढे येईलच.

सहावी पायरी : शेजारचे शब्द ओळखा

इथे जरा रेंगाळू या, कारण हुशारीचे इंग्रजी शब्द दिसायला सारखे आणि स्वभावाने फार वेगळे आहेत. चुकीचा शब्द पडला की कौतुकाचा टोमणा होतो.

‘स्मार्ट’ घ्या. अमेरिकेत तो सरळ ‘हुशार’. ब्रिटिश इंग्रजीत त्याचा जुना, अजून जिवंत असलेला अर्थ ‘नीटनेटका, रुबाबदार’ असा आहे, म्हणून आमंत्रणावर ‘स्मार्ट कॅज्युअल’ लिहिलेलं असतं ते कपड्यांबद्दल, अकलेबद्दल नाही. आणि क्रियापद म्हणून ‘स्मार्ट’ म्हणजे झोंबणं, चरचरणं. तोच मूळ अर्थ. झोंबणाऱ्या बोलण्यातून तो हुशारीकडे आला असावा असं म्हणायला जागा आहे, आणि ‘स्मार्ट रिप्लाय’मध्ये तो चटका आजही जाणवतो. मुलाला ‘डोन्ट गेट स्मार्ट विथ मी’ म्हणतात तेव्हा हुशारीची मनाई नसते, उलट उत्तर देण्याची असते.

आपल्याकडचा ‘ओव्हरस्मार्ट’ तर प्रसिद्धच. तो भारतीय उपखंडातल्या इंग्रजीचा शब्द आहे, आपसात बोलताना खुशाल वापरा. पण ब्रिटिश किंवा अमेरिकन वाचकासाठी लिहीत असाल तर अति शहाण्याला ‘स्मार्ट अ‍ॅलेक’ म्हणा. ब्रिटिश वाचकाला ‘टू क्लेव्हर बाय हाफ’ही लगेच पोचेल.

‘क्लेव्हर’बद्दल सावध. वस्तूला, युक्तीला, उपायाला लावला तर निखळ कौतुक : ‘अ क्लेव्हर ट्रिक’. माणसाला लावला तर, विशेषतः ब्रिटिशांच्या तोंडी, कधी कधी किंचित नाक मुरडलेलं असतं. ‘व्हेरी क्लेव्हर!’ असं सूर खाली ओढून म्हटलं तर ती दाद नव्हे, ‘फार शहाणा आहेस’ हा टोमणा आहे.

‘शार्प’ हा ‘क्विक-विटेड’च्या सर्वांत जवळचा शेजारी. चूक लगेच पकडणारा, अर्धं वाक्य ऐकून पूर्ण ओळखणारा माणूस शार्प. पण ‘शार्प-टंग्ड’ झाला की तो फटकळ ठरतो, आणि ‘शार्प प्रॅक्टिस’ म्हणजे व्यवहारातली लबाडी, कायद्यात बसली तरी नीतीत न बसणारी.

‘श्रूड’ आणि ‘अ‍ॅस्ट्यूट’ हे मुरलेल्या माणसाचे शब्द. यांना घाई नाही. समोरच्याचा हेतू ओळखणारा, आज घेतलेल्या निर्णयाचं उद्याचं फळ दिसणारा व्यापारी किंवा राजकारणी श्रूड असतो. दोन महिने विचार करून सौदा केला तरी श्रूडच. म्हणून घड्याळाच्या कसोटीवर हे शब्द ‘क्विक-विटेड’पासून लगेच वेगळे काढता येतात. मराठी ‘धूर्त’ला नकारी छटा आहे, ती ‘श्रूड’ला असेलच असं नाही. ‘कनिंग’ला मात्र आहे, आणि ‘स्लाय’ला त्याहून जास्त.

‘इन्जीनियस’ म्हणजे कल्पक, जुगाडाला शास्त्राची जोड असलेला. याच्यासारखाच दिसणारा ‘इन्जेन्युअस’ म्हणजे भाबडा. दोन्ही शब्द एकाच माणसाला लागू होऊ शकतात, पण बहुतेक वेळा लिहिणाऱ्याला पहिलाच अभिप्रेत असतो आणि छापून दुसरा येतो.

‘ब्राइट’ मुलांना, विद्यार्थ्यांना, नव्या उमेदवारांना. साठीच्या माणसाला ब्राइट म्हटलं तर पाठ थोपटल्यासारखं होईल.

‘विटी’चा निकाल वर लागलाच आहे. विटी माणूस हसवतो, क्विक-विटेड माणूस हसवेलच असं नाही. मुलाखतीत आडवळणी प्रश्नाला गंभीर, नेमकं उत्तर तत्क्षणी देणारीही क्विक-विटेड असते, कुणी हसो वा न हसो.

सातवी पायरी : कुणाबद्दल, कुणासमोर

माणसाला, उत्तराला, शेऱ्याला, प्रतिक्रियेला हे विशेषण लागतं. विनोदी मालिकेतलं पात्र, वादपटू, शिक्षिका, खेळाचा समालोचक, अशा लोकांच्या वर्णनात ते छान बसतं. यंत्राला लावू नका. संगणक ‘फास्ट’ किंवा ‘रिस्पॉन्सिव्ह’ असतो. पुस्तकाला, लेखालाही सहसा लावत नाहीत, कारण लिहिताना खोडायला वेळ असतो.

स्वतःला लावायचा मोह टाळा. नोकरीच्या अर्जात ‘आय अ‍ॅम क्विक-विटेड’ हे वाक्य मी कधीच ठेवणार नाही. मराठीत ‘मी फार हजरजबाबी आहे’ असं कुणी स्वतःच सांगू लागला तर आपण काय म्हणू, तेच तिथेही होतं. अर्जात ‘आय कॅन थिंक ऑन माय फीट’ चालतं, पण त्याच्या लगेच पुढे एक खरा प्रसंग दोन ओळींत लिहा : सादरीकरणाच्या ऐन वेळी फाइल उघडेना, तेव्हा फळ्यावर आकृती काढून मुद्दे मांडले, असं काही. विशेषण वाचणाऱ्याने स्वतः ठरवलेलं बरं.

शिफारसपत्रात दुसऱ्याबद्दल लिहिताना मात्र मोकळेपणाने वापरा, तेही प्रसंगासकट. नुसतं ‘क्विक-विटेड, हार्डवर्किंग अँड सिन्सियर’ अशी विशेषणांची माळ लावली तर एकही मणी दिसत नाही.

उलट गुण सांगायची वेळ आली तर ‘स्लो-विटेड’ नको. ‘स्लो ऑन द अपटेक’ थोडं सौम्य, तरी बोचरंच. ‘ही टेक्स हिज टाइम टु आन्सर’ म्हणा, म्हणजे तो वेळ घेऊन उत्तर देतो. त्यात दोष नाही, फक्त वस्तुस्थिती आहे.

आठवी पायरी : शंका आली तर स्वतः शोधा

शब्दकोश अर्थ देतो, पण शब्द कुणाबरोबर हिंडतो हे बघायला संग्रह लागतो. अशा संग्रहाला कॉर्पस म्हणतात, म्हणजे खरोखर छापलेल्या आणि बोललेल्या वाक्यांचा शोधता येणारा साठा. ‘ब्रिटिश नॅशनल कॉर्पस’मध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत, तर ‘कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश’मध्ये १०० कोटींहून जास्त. शब्द टाका आणि त्याच्या उजवीकडे कोणती नामं येतात ती वाचत जा. डावीकडे ‘अ’ आहे की ‘द’, कोणतं क्रियाविशेषण आहे, हेही दिसतं. स्वतःचं वाक्य बरोबर आहे का हे कुणाला विचारण्यापेक्षा तिथली वीस वाक्यं वाचलेली बरी. साच्याची भीड चेपते.

इतकं जमत नसेल तर शिकणाऱ्यांसाठी बनवलेल्या एखाद्या चांगल्या इंग्रजी-इंग्रजी कोशात उदाहरणाची वाक्यं तेवढी बघा. इंग्रजी-मराठी कोश अर्थापुरता, वापरासाठी नाही.

सराव

आता स्वतः ठरवा. खाली माझी उत्तरं दिली आहेत, पण आधी झाकून ठेवा.

वर्षभर पहाटे उठून अभ्यास करून पहिली आलेली मुलगी. सोडून दिलेल्या सायकलच्या चाकातून पाणी खेचायचं साधन बनवणारा माणूस. वादात प्रतिपक्षाने आपलंच जुनं वाक्य फेकून मारल्यावर ‘तेव्हा मी चुकलो होतो, तुम्ही अजून चुकताय’ असं हसत म्हणणारा वक्ता. भाव वाढणार हे ओळखून सहा महिने आधी माल भरून ठेवणारा दुकानदार. चालत्या बसमध्ये ड्रायव्हरला भोवळ आल्यावर स्टिअरिंग धरून गाडी बाजूला घेणारी प्रवासी.

पहिली ‘हार्डवर्किंग’ किंवा ‘ब्राइट’. दुसरा ‘इन्जीनियस’. तिसरा क्विक-विटेड, आणि थोडा विटीही. चौथा ‘श्रूड’. पाचवी ‘क्विक-थिंकिंग’, आणि कुणी ‘क्विक-विटेड’ म्हटलं तरी वाद घालू नका.

उलट दिशेचंही एक. इंग्रजी बातमीत ‘अ क्विक-थिंकिंग पॅसेंजर अव्हर्टेड अ डिझास्टर’ असं वाचलं आणि ते मराठीत आणायचं आहे. ‘एका जलद विचार करणाऱ्या प्रवाशाने आपत्ती टाळली’ असं लिहिलंत तर त्यातून इंग्रजीच बोलेल. आपल्या भाषेत इथे विशेषण लागतच नाही, ते क्रियेच्या बाजूला जातं : ‘प्रवाशाने प्रसंगावधान राखल्याने अनर्थ टळला.’